सात महिने, पंचवीस तेलखडू

गेल्या वर्षी दिवाळी अंकांची कामं संपली आणि हात जो थांबला तो थांबलाच. मुखपृष्ठं आणि रेखाटनं यांवरच माझं पोट. टॅबलेटवर रेघ ओढायची, आवडली नाही म्हणून पुसायची, परत ओढायची. संध्याकाळी स्क्रीन कोरीच. फेब्रुवारीत भाचीसाठी तेलखडूंची पेटी घेतली, शंभर-सव्वाशेची. तिच्याकडे तीच पेटी आधीच होती, म्हणून ही माझ्याकडे राहिली.

तेलखडू पुसता येत नाही आणि टोक बोटाएवढं जाड. पापणी काढायला जावं तर भुवई होते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला वस्तुचित्रातला तांब्या दोन्ही बाजूंनी सारखा यावा म्हणून जीव टाकलेली मी, पहिले पंधरा दिवस नुसती चिडचिड. गंमत म्हणजे हा खडू जन्मला तोच गिरवण्याच्या विरोधात. मुलांनी पुस्तकातली चित्रं उतरवण्यापेक्षा स्वतः बघून काढावं, असं जपानमध्ये कानाए यामामोतो हा चित्रकार सांगत होता. त्याच वातावरणात १९२५ साली साकुरा कंपनीने ‘क्रे-पास’ हा तेलखडू काढला.

माझा नेम साधा: रात्री ओटा आवरल्यावर पंधरा मिनिटं, पाठकोरे कागद, आणि घरातलं काहीतरी कागदाखाली. किसणी झाली, पुरणयंत्राची जाळी झाली. लहानपणी नाण्यावर पेन्सिल घासायचो, तेच. (माक्स अर्न्स्ट या चित्रकारानेही लाकडी फरशीवर कागद घासायला सुरुवात केली ती १९२५ मध्येच.) सोऱ्याच्या शेवेच्या चकतीवर गडद निळा आडवा धरून घासला, तर भोकं तेवढी पांढरी राहिली. कागद जरा सरकवून पुन्हा घासला, आणि समोर रात्रीची चाळ, दिवे लागलेली. मी फक्त कठडा आणि वाळत घातलेली एक चादर काढली. जूनमध्ये तीच चाळ एका कथासंग्रहाच्या मुखपृष्ठावर गेली. सात महिन्यांत कामाला आलेलं हे एकच चित्र, बाकी सगळी रद्दी. हिशेब आधीच सांगून ठेवते.

त्रास बराच आहे. रंग कधीच पूर्ण वाळत नाही, चित्रं एकमेकांना चिकटतात. मध्ये बटर पेपर घाला. मे महिन्यात पेटी खिडकीत राहिली आणि पिवळ्याचं लोणी झालं. हात खोबरेल तेलाने साफ होतात, पडद्यावरचा डाग अजून आहे.

एप्रिलमध्ये मी रोजच्या कागदाचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकू लागले. चार दिवसांत किसणी ठेवताना ‘हे दिसेल कसं’ असं मनात यायला लागलं आणि पुढचे तीन आठवडे परत तोच कोरा कागद. आता फोन आतल्या खोलीत.

पेटीतला पांढरा कधीच संपला, काळ्याचा नखाएवढा तुकडा उरलाय, तपकिरी मात्र कोराच्या कोरा. पुण्यात कुठे सुटे मिळत असतील तर सांगा. दोन खडूंसाठी अख्खी पेटी घ्यायला जिवावर येतं.