डोळ्यांची उघडझाप की घशाची खाकर?

टिक म्हणजे मनात नसताना अचानक, पुन्हा पुन्हा होणारी हालचाल किंवा निघणारा आवाज. मुलांमध्ये हालचालीची टिक बहुधा आधी येते, 4 ते 6 वर्षांच्या सुमारास: डोळे मिचकावणं, मान झटकणं. चष्मा लागला असेल म्हणून आईबाप डोळ्यांच्या डॉक्टरकडे धावतात. आवाजाची टिक सहसा मागून येते आणि माझ्या मते जास्त छळते. खाकरणं, नाक ओढणं, ‘हुं’ करणं परीक्षेच्या शांत वर्गात लपत नाही. घरी मात्र खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या रिकाम्या होतात! (तोंडातून शिव्या निघणं थोड्यांच्याच वाट्याला येतं.) दोन्ही थोडा वेळ दाबता येतात, शिंक दाबावी तशा, म्हणूनच ‘मुद्दाम करतो’ हा आरोप. हालचालीच्या अनेक आणि आवाजाची किमान एक टिक, 18 वर्षांआधी सुरुवात, वर्षाहून जास्त काळ, तर त्याला टूरेट सिंड्रोम म्हणतात. एकाच प्रकारच्या असतील तर नाही.