नाकाच्या कॅन्सरचा शेक: मुंबईत घ्यावा की संभाजीनगरात?

मामा जालन्याचे, चाळीस वर्षं सुतारकाम केलेले. एक नाकपुडी सतत बंद, रक्ताळलेला शेंबूड, मग वरची दाढ हलायला लागली. आठ महिने सायनसच्या गोळ्या खाण्यात गेले. शेवटी सीटी झाला, तुकडा तपासला, तेव्हा गालामागच्या पोकळीत कॅन्सर निघाला. लाकडाचा भुसा नाकात जाऊन याची जोखीम वाढते, हे आम्हाला तेव्हा कळलं.

नातेवाईक म्हणतात, "कापू नका, नुसती लाईट घ्या," म्हणजे फक्त शेक, किरणांचा उपचार. ऐकू नका. गाठ निघण्यासारखी असेल तर आधी ऑपरेशन, मग शेक. मेंदूकडे खोल गेली असेल, काढता येत नसेल, तर शेक आणि केमो. पण या जागी गाठींचे प्रकार फार; लिम्फोमा (रक्तातल्या लिम्फ पेशींचा कॅन्सर) असेल तर मोठ्या ऑपरेशनची गरजच नसते. म्हणून मुंबईची एक फेरी कराच. तुकड्याच्या स्लाइड (काचेच्या पट्ट्या) आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) सोबत न्या, टाटा कॅन्सर हॉस्पिटलात पुन्हा तपासून घ्या. कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत स्लीपरचं तिकीट माफ असतं, दादरला गाडगेबाबांची धर्मशाळा आहे. ऑपरेशनही रोज हेच करणाऱ्या सर्जनकडेच.

आता मशीन. शेजारी डोळे, मागे डोळ्यांच्या नसा, वर मेंदू. ऑपरेशननंतर गाठीच्या जागेला बहुधा ६० ते ६६ ग्रे (किरणांचा डोस मोजायचं एकक) डोस लागतो, डोळ्याच्या नसेला मात्र ५४ च्या आसपास थांबावं लागतं. मधलं अंतर कधीकधी काही मिलिमीटर. जुन्या कोबाल्ट मशीनवर हे साधणं अवघड. लिनॅक या नव्या मशीनवर आयएमआरटी नावाची पद्धत असते; तिच्यात किरणांचा डोस गाठीच्या आकाराला धरून बसवतात, त्यामुळे नजर वाचण्याची शक्यता बरीच वाढते. गाठ कवटीच्या तळाला चिकटलेली असेल, पेशंट लहान मूल असेल किंवा शेक दुसऱ्यांदा द्यायचा असेल, तर टाटाच्याच खारघरच्या केंद्रातल्या प्रोटॉन शेकाबद्दल (क्ष-किरणांऐवजी प्रोटॉन कणांचा शेक) जरूर विचारा. बाकीच्यांनी त्यासाठी ताटकळू नये. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांत शेक सुरू व्हायला हवा.

आणि इथे माझं मत स्पष्ट आहे: आयएमआरटी जवळ मिळत असेल तर शेक जवळच घ्या. ३० ते ३३ वेळा, सोमवार ते शुक्रवार, सहा-साडेसहा आठवडे. मध्ये खंड पडला की उपचाराचा जोर कमी होतो, आणि मुंबईत खोली, जेवण, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी यांनीच खंड पडतात. संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून आहे, सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत शेक बसतो. मामा जालन्याहून सकाळच्या एसटीने जायचे आणि दुपारी घरी यायचे.

पहिल्या दिवशी त्यांचा साचा केला. जाळीचा प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून तोंडावर दाबला, काही मिनिटांत कडक झाला. मामा घाबरले. मी पाय धरून उभी होते. रोज तोच साचा टेबलाला अडकवतात, म्हणजे डोकं हलत नाही. तिसऱ्या आठवड्यात तोंड आलं. मामींनी दहीभात मिक्सरमधून काढून दिला, मिठाच्या पाण्याने नाक धुणं चालू ठेवलं.

शेकाआधी दातांच्या डॉक्टरांना नक्की दाखवा. किडलेली दाढ आधीच काढायची आणि जखम भरू द्यायची. शेकानंतर काढली तर जबड्याचं हाड नीट भरून येत नाही.