बर्ड की डिंगेल? अभ्यासाला कोणाची कारकीर्द घ्यावी

अमेरिकी काँग्रेसवरच्या प्रकल्पासाठी एकाच सदस्याची प्रदीर्घ कारकीर्द निवडायची, तर दोन नावं हमखास समोर येतात. मिशिगनचे जॉन डिंगेल डिसेंबर १९५५ ते जानेवारी २०१५, म्हणजे ५९ वर्षं प्रतिनिधीगृहात होते. वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड आधी सहा वर्षं प्रतिनिधीगृहात आणि १९५९ पासून जून २०१० मध्ये निधन होईपर्यंत सिनेटमध्ये. दोघंही डेमोक्रॅट. वर्षं मोजत बसू नका, सत्ता कुठून आली ते पाहा.

डिंगेल यांची सत्ता समितीतून आली. १९८१ ते १९९५ आणि पुन्हा २००७ पासून ते ऊर्जा व वाणिज्य समितीचे अध्यक्ष होते आणि चौकशीची उपसमितीही त्यांनी स्वतःच्या हाताखाली ठेवली. सरकारी खात्यांना त्यांची खरमरीत पत्रं जात, ती ‘डिंगेलग्राम’ म्हणून धास्तीचा विषय होती. मांडलेल्या विधेयकांच्या यादीवरून मात्र त्यांचं माप काढाल तर फसाल. वडिलांचं राष्ट्रीय आरोग्य विम्याचं विधेयक त्यांनी प्रत्येक काँग्रेसमध्ये, म्हणजे दर दोन वर्षांच्या कार्यकाळात, नव्यानं मांडलं, ते कधीच मंजूर झालं नाही. संकटग्रस्त प्रजातींच्या १९७३च्या कायद्यामागे हेच गृहस्थ, आणि डेट्रॉईटच्या मोटार कंपन्यांसाठी धुराचे नियम अडवणारेही हेच. अखेर नोव्हेंबर २००८ मध्ये हेन्री वॅक्समन यांनी पक्षांतर्गत मतदानात १३७ विरुद्ध १२२ मतांनी त्यांचं अध्यक्षपद काढून घेतलं.

बर्ड यांचं हत्यार नियमपुस्तक. अर्थसंकल्पाशी जोडलेलं ‘रिकन्सिलिएशन’ विधेयक सिनेटमध्ये साध्या बहुमतानं मंजूर होतं, एरवीसारखी ६० मतं जमवावी लागत नाहीत, म्हणून त्यात वाटेल ते घुसडायचा मोह असतो. १९८५च्या ‘बर्ड नियमा’नं तो मार्ग बंद केला. खर्च किंवा महसुलात फरक न पाडणाऱ्या कलमावर कोणीही सिनेटर हरकत घेऊ शकतो. हरकत मान्य झाली तर ते कलम गळतं. ते वाचवायला ६० मतं लागतात. २०२१ मध्ये तासाला १५ डॉलर किमान वेतनाची तरतूद याच नियमात अडकली.

बर्ड घेतलेत तर तरुणपणचं कू क्लक्स क्लान या वर्णद्वेषी संघटनेचं सदस्यत्व आणि नागरी हक्क विधेयकाविरुद्ध जून १९६४ मध्ये केलेलं १४ तासांचं भाषण तळटीपेत ढकलू नका. पुढे त्यांनी जाहीर माफी मागितली, तीही त्याच प्रकरणात यायला हवी.

हाताशी एकच सत्र असेल तर बर्ड घ्या: एक नियम धरून आजच्या बातम्यांपर्यंत पोहोचता येतं. डिंगेल यांच्यासाठी समितीच्या सुनावण्यांची इतिवृत्तं वाचावी लागतात, त्याला वर्षभर द्या.