नाटाचं विरजण: बाटली चांगली, लेबल कच्चं

खोबरं वाळवणाऱ्यांकडे नारळाचं पाणी गटारात जातं. त्यावर नाटा-द-कोको, म्हणजे जिवाणूने विणलेला जेलीसारखा चिवट खाण्याचा थर, धरायचा तर कुरिअरने येणारी ही १ लिटरची विरजणाची बाटली घ्यायला हरकत नाही. झाकण उघडल्यावर शिरक्याचा स्वच्छ वास आला आणि वर सायीसारखी पण चिवट चकती तरंगत होती. म्हणजे कोमागाटायबॅक्टर झायलिनस हा जिवाणू जिवंत आहे, साखरेपासून सेल्युलोज विणतोय. दारूसारखा वास आला किंवा बुडबुडे दिसले तर यीस्ट शिरलंय असं समजून बाटली परत करावी.

तक्रार आहे ती लेबलची. लिटरमागे ५० मिली विरजण पुरेल, असं छापलंय. रत्नागिरीच्या जुलैतल्या हवेत एवढ्यावर थर धरायच्या आत हिरवी बुरशी धरते. १०० मिली घाला, पावसाळ्यात १५०. म्हणजे २० लिटरचा हिशेब १० वर, कधी ७ वर येतो. किंमत तशीच मोजा.

१ लिटर जून नारळाचं पाणी मलमलीतून गाळून त्यात १०० ग्रॅम साखर आणि ५ ग्रॅम मोनोअमोनियम फॉस्फेट (जिवाणूला नत्र पुरवणारा क्षार). फूड ग्रेडच, खताच्या दुकानातलं नको. १० मिनिटं उकळा आणि पूर्ण गार होऊ द्या. लेबलवर हे गार करणंच नाही! गरम पाण्यात विरजण ओतलं की जिवाणू मेले. गार झाल्यावर ग्लेशियल असेटिक ॲसिड (शिरक्यातलंच आम्ल, पण अतितीव्र) थेंबाथेंबाने घालत पीएच (आंबटपणाचं माप) ४ ते ४.५ वर आणा, मग विरजण.

प्लास्टिकच्या उथळ ट्रेत ३-४ सेंमी पाणी ठेवा. ॲल्युमिनियमला आम्ल खातं. घट्ट झाकण नको, जिवाणूला हवा लागते. वर धुतलेलं सुती कापड ताणून बांधा. मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत, नाहीतर मुंग्या आल्याच. आणि ट्रेला हात लावायचा नाही. कुणी बघायला म्हणून कलता केला की थर खाली बसतो, वर दुसरा धरतो, शेवटी वडीऐवजी सुटे पापुद्रे निघतात. सॉस दाट करणारा झँथन गमही जिवाणूच बनवतो, पण तो ढवळत्या टाकीत तयार होतो. नाटाचं नेमकं उलट.

लेबलवरच्या ८ दिवसांत थर १ सेंमीही भरला नाही. दीड सेंमीला १४ दिवस लागले. तुकडे २-३ दिवस पाणी बदलत भिजवून उकळा. दाताखाली आंबट लागला तर धुणं राहिलंय, पाकात टाकू नका.

थराखाली उरलेलं पाणी पुढच्या ट्रेला विरजण म्हणून चालतं. थर पातळ येऊ लागला की नवी बाटली. बुरशीचा ठिपका दिसलेला ट्रे मात्र सगळाच ओतून द्यायचा.