मोहरीची भावंडं ओळखायला भिंग कोणतं: सराफी ट्रिप्लेट की पिक ग्लास?

मोहरी कुळातल्या जवळच्या जाती रंगावरून ओळखायला गेलात तर फसाल. बहुतेकांच्या चार पाकळ्या पिवळ्याच असतात. ओळख पटते ती निदलं (पाकळ्यांखालची छोटी दलं), पुंकेसर, शेंगेवरची शीर आणि शेंगेच्या टोकाची चोच यांवरून, आणि यातलं बरंचसं दोन-चार मिलिमीटरांचं असतं. त्यासाठी घडी होणारं, दहापटीचं, तीन काचा चिकटवलेलं सराफी भिंग म्हणजे ट्रिप्लेट घ्या. आमच्याकडून पाचपैकी साडेचार गुण.

वीस किंवा तीस पटीच्या मोहात पडू नका. दहापटीच्या भिंगाखाली फूल अडीच सेंटिमीटरवर स्पष्ट दिसतं, वीसपटीला ते सव्वा सेंटिमीटरवर आणावं लागतं. मग टोपीची सावली फुलावर पडते, वाऱ्याची झुळूक आली की फूल चौकटीबाहेर जातं. शे-दोनशे रुपयांची, दिवा लावलेली आणि ‘तीसपट’ छापलेली भिंगं तर बऱ्याचदा दहापटही मोठं दाखवत नाहीत, शिवाय कडेला रंगीत झालर दिसते. निदलं हिरवी की पिवळसर हे बघायचं असताना ती झालर घात करते.

वापरताना भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवा, कोपर अंगाशी दाबा आणि फूल भिंगाकडे आणा. हात लांब करून भिंग फुलावर धरलं की वर्तुळात जेमतेम एक पाकळी मावते. मग लोक भिंगालाच नावं ठेवतात.

आता त्यातून काय दिसतं ते. मोहरी कुळाचं सामान्य फूल म्हणजे सहा पुंकेसर, चार लांब आणि दोन आखूड. निदलं पाकळ्यांखाली सपाट, आडवी पसरलेली असली आणि शेंगेच्या प्रत्येक झडपेवर, म्हणजे उकलणाऱ्या अर्ध्या भागावर, तीन किंवा जास्त ठळक शिरा असल्या, तर ती सिनॅपिस या प्रजातीतली. ब्रॅसिका या मोहरीच्या प्रजातीत झडपेवर एकच ठळक शीर असते. ब्रॅसिकातही वरची पानं देठाशी निमुळती होत असली तर जुन्सिया ही जात, म्हणजे आपली नेहमीची मोहरी. पानाचा तळ खोडाला मिठी मारत असला तर रापा ही जात. नायग्राच्या, म्हणजे काळ्या मोहरीच्या, शेंगा आखूड, एक ते अडीच सेंटिमीटरच्या, दांड्याला घट्ट लागून उभ्या असतात. युरोपातल्या कार्डामाइन हिर्सुटा आणि फ्लेक्सुओसा या जोडीत तर पुंकेसर मोजणं हीच पहिली कसोटी: हिर्सुटाला बहुधा चार, फ्लेक्सुओसाला सहा.

सोलापुरात रानटी मोहरीवर्गीय थोडे, सोंगं जास्त. पावसाळ्यात पडीक रानात पिवळी तिळवण चार पिवळ्या पाकळ्या आणि लांब शेंगा घेऊन उभी असते, पण ती मोहरी कुळातली नव्हे, शेजारच्या कुळातली. तिच्या पाकळ्या एका बाजूला सरकलेल्या, पुंकेसर सहापेक्षा जास्त, अंगावर चिकट केस. पांढऱ्या तिळवणीला पुंकेसर सहाच असतात, पण ते फुलाच्या मधून वर आलेल्या दांडीवर बसलेले दिसतात. भिंगाखाली हे पहिल्यांदा बघताना फार सुंदर वाटतं. शंका राहिलीच तर पिकलेली शेंग उकला. मोहरीच्या झडपा गळल्यावर मधला पातळ पडदा शिल्लक राहतो, तिळवणीत पडदा नसतो.

सोलापूरच्या पूर्व भागात किंवा एमआयडीसीत ज्यांचं चादर-टॉवेलचं काम आहे, त्यांच्या घरी धागे मोजायचं पिक ग्लास असतंच. ते टाकाऊ समजू नका. एक इंची खिडकीच्या पिक ग्लासची ताकद कमी, साधारण पाच-सहा पट, पण कडेला मोजपट्टी असते. पांढऱ्या कागदावर शेंग ठेवून पिक ग्लास उभं केलं की चोचीची लांबी थेट वाचता येते, हात थरथरण्याचा प्रश्नच नाही. बियांसाठीही ते उत्तम. मोहरीत मिसळलेलं पिवळ्या धोत्र्याचं बी टोकाशी किंचित निमुळतं असतं, त्यावर जाळीदार खळगे स्पष्ट दिसतात. मोहरी गोल आणि त्या मानाने नितळ. ही भेसळ तेलात गेली तर अंगाला सूज येते, हृदयावर परिणाम होतो. त्यामुळे किराणातली मोहरीही एकदा त्याखाली पसरून बघाच. फांदीवरच्या फुलाला मात्र पिक ग्लास निरुपयोगी, कारण त्याची उंची ठरलेली असते.

ट्रिप्लेटचा अर्धा गुण कापला तो बिजागरीच्या स्क्रूसाठी. तो ढिला होतो आणि काच आपोआप बाहेर सरकून खिशातल्या किल्ल्यांवर घासते. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ कोरड्या टॉवेलने पुसली तर ओरखडे नक्की. आधी फुंकर मारा, मग चष्म्याचं मऊ कापड वापरा.

दुकानात पैसे देण्याआधी आलेखाचा कागद भिंगाखाली धरा. कडेच्या रेषा वाकड्या दिसल्या किंवा कागद अडीच सेंटिमीटरपेक्षा बराच लांब नेल्यावरच स्पष्ट झाला, तर डबीवर काहीही छापलेलं असो, दुसरं दाखवायला सांगा.