चालत्या डोंग्यामागे चार दोर: डाउनरिगरची जोडसाधने घ्यावीत की बाजूच्या फळ्या?

गोसीखुर्द, इटियाडोह किंवा ऊर्ध्व वर्धा यांसारख्या जलाशयात ज्याच्याकडे मोटर बसवलेला डोंगा आहे आणि ज्याला गळकाठ्या लावून एका वेळी दोनऐवजी चार दोर ओढायचे आहेत, त्याच्यापुढे दोन वाटा असतात. दोर एकाखाली एक, वेगवेगळ्या खोलीवर चालवता येतात. किंवा ते एकाच खोलीच्या आसपास ठेवून डोंग्याच्या दोन्ही अंगांना पसरवता येतात. पहिल्या वाटेसाठी डाउनरिगर आणि त्याचे क्लिप लागतात, तर दुसरीसाठी प्लॅनर बोर्ड म्हणजे बाजूला पळणाऱ्या फळ्या आणि डायव्हर नावाच्या चकत्या. विदर्भातील बहुतेक पाण्यासाठी माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे.

डाउनरिगरची रचना साधी आहे. डोंग्याच्या काठावर दांडा आणि चक्री बसवतात, चक्रीवरून तारेला टांगलेला साधारण 4 ते 5 किलोचा शिशाचा गोळा खाली सोडतात आणि गळाचा दोर त्या गोळ्याजवळच्या क्लिपमध्ये चिमटतात. दोर ताणून घेतल्यावर काठी कमानीसारखी वाकून राहते. माशाने आमिष ओढले की दोर क्लिपमधून सुटतो, काठी झटकन सरळ होते आणि पुढची झुंज त्या जड गोळ्याशिवाय देता येते. हे साधन लोकप्रिय झाले ते अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांत. तेथे 1966 मध्ये मिशिगन सरोवरात कोहो जातीचा सामन सोडण्यात आला, आणि उन्हाळ्यात थंड पाण्याच्या शोधात खोल जाणाऱ्या या माशापर्यंत आमिष नेमक्या खोलीवर पोहोचवणे ही खरी गरज ठरली.

आपल्या जलाशयांत ही गरज क्वचितच पडते. उन्हाळ्यात स्थिर पाण्याच्या तळाशी प्राणवायू कमी होतो आणि मासा वरच्या थरातच राहतो. त्यातही चालत्या आमिषामागे धावणारे मासे मोजकेच आहेत. शिंगाळा येतो, मरळ येते, पण मरळीचे घर काठच्या गवतात असते. रोहू, कतला आणि मृगळ ही ज्यांच्यावर बाजार चालतो ती कार्प मंडळी पळत्या आमिषाकडे सहसा ढुंकूनही पाहत नाहीत. त्यामुळे केवळ कार्पसाठी कोणी हे सगळे घेणार असेल, तर त्याने पुढे वाचण्याऐवजी जाळ्याच्या तंगुसावर खर्च करावा.

तरीही डाउनरिगर घ्यायचाच असेल, तर त्यावर दुसरा दोर चालवण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली स्टॅकरची. गोळ्याच्या वर किमान 3 मीटर अंतरावर तारेलाच आणखी एक क्लिप अडकवतात आणि त्यात दुसऱ्या काठीचा दोर धरतात. दोन आमिषे दोन वेगवेगळ्या खोलीवर चालतात आणि कोणत्या थरात मासा आहे हे लवकर कळते, हा तिचा मोठा गुण. परंतु गोळा वर घ्यायचा म्हटले की आधी वरचा क्लिप हाताने काढावा लागतो, आणि त्याच वेळी मासा लागलेला असेल तर एक जण माशाशी, दुसरा तारेशी आणि तिसरा सुकाणूशी अशी तारांबळ उडते. अरुंद डोंग्यात दोघांनी हे सांभाळणे अवघड आहे.

दुसरी पद्धत सरकत्या दोराची. दीड ते दोन मीटरच्या तुकड्याच्या एका टोकाला आमिष आणि दुसऱ्याला स्विव्हल म्हणजे गरगर फिरणारी कडी आणि अडकवणी बांधून ती मुख्य दोरावर अडकवतात. पाण्याच्या ओढीने मुख्य दोराला जो मोठा बाक येतो, त्या बाकापर्यंत हा तुकडा सरकत जाऊन थांबतो. जादा काठी लागत नाही, जादा क्लिप लागत नाही. मासा लागल्यावर मात्र तो तुकडा मुख्य आमिषापर्यंत सरकेपर्यंत दोर सैल पडतो, त्यामुळे काही मासे सुटतात. स्टॅकर आणि सरकता दोर यांत निवड करायची झाली, तर कमी माणसांच्या डोंग्यासाठी मी सरकता दोरच सुचवेन.

डाउनरिगरच्या चक्रीवरील मापकावर दिसणारी खोली ही सोडलेल्या तारेची लांबी असते, हेही ध्यानात ठेवावे. वेग वाढला की गोळा मागे ढकलला जातो. तार उभ्या रेषेपासून 30 अंश कलली, तर 20 मीटर तारेत गोळा सुमारे 17 मीटरवरच असतो. पोलादी तारेऐवजी विणलेला दोर लावल्यास पाण्याचा विरोध कमी होतो.

या साधनाविरुद्धचा सर्वांत मोठा मुद्दा पाण्याखालच्या झाडांचा आहे. वैनगंगेवर गोसीखुर्दचे पाणी अडले तेव्हा गावे, शेते आणि उभी झाडे पाण्याखाली गेली, आणि अशा बुंध्यात साधा गळ अडकला तर तंगूस तुटून भागते. तार अडकली तर ती तुटत नाही. मोटर पुढे ओढत राहते, दांड्याकडची बाजू खाली दबते आणि काठावरून पाणी आत येऊ लागते. म्हणून दांड्याशेजारी तार कापण्याची पक्कड बांधून ठेवावी, चक्रीचा ब्रेक थोडा सैल ठेवावा आणि जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय तार सोडू नये.

फळ्यांमध्ये हा धोका फारच कमी आहे. दोराला चिमटलेली फळी पाण्याच्या दाबाने डोंग्यापासून 10 ते 20 मीटर बाजूला जाते आणि पृष्ठभागावर चालते. डोंग्याच्या आवाजाने बिचकून बाजूला झालेला मासा तिच्या वाटेत येतो. तिची अडचण वेगळी आहे. बहुतेक जलाशयांत मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे असतो आणि सभासदांची जाळी संध्याकाळी टाकून सकाळी उचलली जातात. इतका रुंद पसारा घेऊन जाळ्यांमधून जाणे म्हणजे भांडण ओढवून घेणे होय. संस्थेची परवानगी तर आधीच घ्यावी लागते. शिवाय जाळी उठल्यानंतरचीच वेळ निवडावी. तोतलाडोहचा विचार मनातही आणू नये, कारण तेथील पाणी पेंच व्याघ्र प्रकल्पात येते आणि मासेमारीला बंदी आहे.

डायव्हर ही तळहाताएवढी चकती असून तिच्या तळाची तबकडी 0 ते 3 आकड्यांपर्यंत फिरवता येते. शून्यावर ती सरळ खाली जाते, आकडा वाढवला की बाजूलाही सरते. तिला चक्री, दांडा किंवा तार लागत नाही, मात्र काठी चांगली ताठ हवी. ती बुंध्यात अडकली तर एका चकतीवर भागते.

शिशाच्या गाभ्याच्या दोराचाही पर्याय आहे. त्याचा रंग दर 9 मीटरला बदलतो आणि ताशी 3 किलोमीटरच्या आसपास एका रंगाला साधारण दीड मीटर खोली मिळते. तो सोडणे सोपे आहे, पण रीळ मोठे लागते. बैलगाडी वळताना आतले चाक रेंगाळते आणि बाहेरचे पळते, तसेच वळणावर आतल्या बाजूचा दोर मंदावून खाली बसतो. बुंध्यांच्या जागी नेमके हेच नको असते.

चार दोरांसाठी माझी मांडणी अशी असेल: दोन्ही अंगांना एकेक फळी, त्यांच्या आत एकेक डायव्हर. ज्यांच्या जलाशयात पात्र खोल आहे आणि झाडे साफ झालेली आहेत, त्यांनी मागच्या काठावर एकच हाताने फिरवण्याचा डाउनरिगर, एक क्लिप आणि एक सरकता दोर एवढेच जोडावे. धरणाच्या भिंतीजवळचे सर्वांत खोल पाणी यासाठी धरू नये, कारण सुरक्षेसाठी तेथे डोंगा जाऊ देत नाहीत. गोळा महाग पडत असेल तर किराणा दुकानातील 5 किलोचे लोखंडी माप कडीला नीट बांधून चालते. ते शिशाच्या गोळ्यापेक्षा आकाराने मोठे असल्याने मागे अधिक ढकलले जाते, तेव्हा तार थोडी जास्त सोडावी. मात्र यातले काहीही घेण्याआधी खोली दाखवणारे सोनार यंत्र घ्यावे आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की बुंधे कुठे उघडे पडतात ते कागदावर टिपून ठेवावे.