इंजिन साफ करायचा डीग्रीझर: माल चांगला, लेबलवरची कृती मात्र नको

बॉनेट उघडलं की आत नुसता काळा चिकट थर, धूळ आणि ऑइल मिळून इतका घट्ट झालेला की बोट टेकवलं तर ठसा उमटायचा, आणि दर वेळी वायपरचं पाणी भरायला गेलो की शर्टाची बाही काळी होऊन यायची. शेवटी डीग्रीझर मागवला. पाण्यात मिसळणारा, अर्ध्या लिटरची ट्रिगरवाली बाटली, सोबत लांब दांड्याचा एक ब्रश. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण पुढे थोडी तक्रारही करणार आहे आणि खरं सांगायचं तर अशा बाटल्यांत आतला माल बराचसा सारखाच असतो.

आधी मालाबद्दल. मळ काढतो का, तर काढतो, आणि चांगला काढतो. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, कडेला जो जुना ऑइलचा गाळ बसलेला असतो ना, खरवडला तर मेणासारखा निघतो तो, त्यावर लावला आणि चार-पाच मिनिटं थांबलो तर तपकिरी होऊन ओघळायला लागला. वास सहन होण्यासारखा, डोळे चुरचुरले नाहीत (गॉगल लावला होता म्हणा, तो लावाच, बॉनेटखाली वाकून वरच्या बाजूला स्प्रे मारताना थेंब तोंडावर येतातच). हातमोजेही घाला, एकदा तसाच हात घातला तर रात्रभर बोटं कोरडी खरखरीत. मळ कमी असेल तिथे एकाला चार भाग पाणी घालूनही काम झालं, त्यामुळे बाटली पुरते बऱ्यापैकी.

आता लेबल. त्यावर तीन ओळीत कृती दिलीय, कोमट इंजिनवर मारा, पाच मिनिटं ठेवा, प्रेशरने धुवा. पहिल्या दोन ठीक आहेत, तिसरी कोणी लिहिली त्याला माझा साष्टांग नमस्कार. टायरमध्ये हवा असते दोन-सव्वादोन बार, घरगुती प्रेशर वॉशर सहज १०० बारच्या वर जातो. वायरी एकमेकींना जोडणारे प्लास्टिकचे कपलर असतात, त्यांच्या आत जे रबराचं सील असतं ते रस्त्यावरून उडणाऱ्या पाण्यासाठी असतं, वीतभर अंतरावरून मारलेल्या जेटसाठी नाही. पाणी एकदा कपलरच्या आत गेलं की ते लगेच त्रास देईलच असं नाही, महिन्या-दोन महिन्यांनी पिनेला हिरवट गंज चढतो, मग कुठलातरी सेन्सर मधेच वेडंवाकडं दाखवायला लागतो आणि तोपर्यंत आपण इंजिन धुतलेलं विसरूनही गेलेलो असतो.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, खाऊन बसलोय. आधीच्या गाडीला मस्त होज पाइपने आंघोळ घातली होती, तेव्हा प्रेशर वॉशरही नव्हता, साधाच पाइप, बोट दाबून फवारा केलेला. गाडी सुरू केली तर धडधड धडधड, मिसिंग मारायला लागली, म्हणजे एक सिलिंडर नीट पेटतच नव्हता, आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुक करायला लागला. प्लगच्या खोबणीत पाणी साठलं होतं, ठिणगी प्लगच्या टोकाला पडायच्या ऐवजी ओल्या रबरावरून बाहेरच्या बाहेर निसटत होती. गाडीच्या कॉम्प्युटरचा बिघाडाचा कोड आला पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरचं मिसिंग. प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइल काढल्या, कापडाची गुंडाळी घालून पाणी टिपलं, वाळवलं, मग नीट झालं. एक लक्षात ठेवा, दिवा नुसता लागलेला असेल तर ठीक, पण लुकलुकत असेल तर गाडी तशीच दामटायची नाही, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि तो भाग गेला की मग रडायला वेळ मिळतो भरपूर.

म्हणून या वेळी पाइप लावलाच नाही. आदल्या रात्री गाडी चालवलेली, सकाळी इंजिन गार. लेबल कोमट म्हणतं कारण कोमटवर ग्रीस लवकर सुटतं हे खरंय, पण कोमट म्हणजे वरून आरामात हात ठेवता आला पाहिजे एवढंच, आत्ताच फिरून आलेल्या गाडीवर मारलात तर डीग्रीझर जागच्या जागी वाळून पांढरे डाग पडतात आणि तापलेल्या मॅनिफोल्डवर (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या लोखंडी नळ्यांवर) गार पाणी पडलं तर तडा जायची भीती वेगळीच.

सगळ्यात आधी दहाचा पाना घेऊन बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलं. निगेटिव्हच आधी, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला आणि निगेटिव्ह जोडलेलं असेल तर ठिणग्यांची दिवाळी. लावताना उलट, निगेटिव्ह शेवटी. यात घड्याळ जातं, काही गाड्यांत खिडकीचं ऑटो वर-खाली परत शिकवावं लागतं, रेडिओचा कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा. मग ऑल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), फ्यूज बॉक्स, एअर फिल्टरचं तोंड आणि कॉइलच्या वरची जागा प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधून टाकली. ऑइलचं झाकण आणि डिपस्टिक नीट बसलेत ना बघितलं. ह्या बांधाबांधीत अर्धा तास गेला, प्रत्यक्ष साफ करायला त्याहून थोडाच जास्त.

साफ करायची पद्धत माझी अशी की स्प्रे इंजिनवर मारायचाच नाही, ब्रशवर किंवा फडक्यावर मारायचा. एक कोपरा घ्यायचा, घासायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, फडकं बादलीत पिळायचं, पुढच्या कोपऱ्यावर जायचं. वेळखाऊ आहे पण पाणी कुठे जातंय ते आपल्या हातात राहतं. फक्त खाली जिथे नुसतं लोखंड आणि ऑइलचा थर होता तिथे थेट मारला आणि हातपंपाच्या फवारणीच्या डब्याने हलकं पाणी सोडलं, तेही खाली पसरट ट्रे ठेवून, ऑइल मिसळलेलं पाणी गटारात सोडायचं नाही म्हणून. बेल्टवर एक थेंब जाऊ दिला नाही, ओला बेल्ट घसरतो आणि सुरू केल्यावर असा किंचाळतो की शेजारी खिडकीत येतात.

सोबत आलेला ब्रश मात्र अगदीच टाकाऊ. केस इतके मऊ की चिकट थरावर नुसता लोळतो, दुसऱ्या दिवशी केस गळायला लागले आणि एक-दोन रेडिएटरच्या पंख्याजवळ जाऊन बसले ते चिमट्याने काढावे लागले. रंगकामाचा जुना ब्रश घेतला, केस अर्धे कापून आखूड केले आणि दांड्याच्या पत्र्यावर चिकटपट्टी गुंडाळली म्हणजे टर्मिनलला पत्रा टेकायला नको, त्याने दुप्पट काम झालं.

टर्मिनलवर पांढरं-हिरवं फुललेलं असतं त्यावर हा डीग्रीझर काही करत नाही, त्यासाठी खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासायचा, फसफसून सगळं निघतं, फक्त झाकणांच्या फटीतून सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाऊ द्यायचं नाही.

ॲल्युमिनियमबद्दल थोडं. याच्या आधी एका ओळखीच्यांनी दिलेला घरच्या ओट्याचा जहाल क्लीनर वापरला होता, कॉस्टिकवाला, आणि ॲल्युमिनियमचं एक ब्रॅकेट पांढुरकं निस्तेज होऊन बसलं ते कायमचं. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो, त्यातून हायड्रोजन सुटतो, हे शाळेत शिकलेलं पण तेव्हा आठवलं नाही. नव्या बाटलीने तसं काही झालं नाही, तरी मी आधी आतल्या एका कोपऱ्यावर लावून दहा मिनिटं बघितलं होतं, तेवढं करा. आणि काही लोक अजून पेट्रोलचा बोळा फिरवतात त्यांना हात जोडून विनंती, पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांतही पेट घेऊ शकते, रॉकेलचं ते ३८ च्या पुढे असलं तरी तापलेल्या मॅनिफोल्डपुढे ते काहीच नाही, शिवाय दोन्हींनी रबराचे पाइप फुगतात.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर हे सगळं वाचून सोडून द्या. नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसल्या की तिथे हाय व्होल्टेज आहे, कोरड्या फडक्याने वरवर पुसायचं आणि बॉनेट लावायचं.

पुसून झाल्यावर दोन तास बॉनेट उघडं ठेवलं, फटींत ब्लोअरने गार हवा मारली, पिशव्या काढल्या, निगेटिव्ह जोडलं, पंधरा मिनिटं गाडी जागेवर सुरू ठेवली. काही धडधड नाही, दिवा नाही. काळं प्लास्टिक नुसतं धुऊनच बरं दिसतं, त्यावर चमक आणणारं सिलिकॉनवालं काही मारू नका, चार दिवसांत धूळ पकडून परत होतं तसंच.

मला याचा खरा फायदा आठवड्याने कळला. स्वच्छ झालेल्या टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात ऑइलची एक ताजी ओली रेघ दिसली, पॅकिंग गेलंय. आधी तिथे एवढा गाळ होता की पाच वर्षं गळत असतं तरी समजलं नसतं. पॅकिंग बदलायचंय आता.

रेटिंग विचाराल तर पाचातले चार. अर्धा गेला ब्रशला, अर्धा ट्रिगरला, कारण बाटली आडवी ठेवली की मानेतून गळते आणि माझ्या डिकीतल्या गालिच्यावर आता एक हातभर जागा बाकीच्या गालिच्यापेक्षा फारच स्वच्छ दिसतेय.